विचारायला चालत गेलेला माणूस

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३४



आजचा श्लोक तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. ज्ञान कसं मिळवायचं हे भगवंत अर्जुनाला सांगतात. ज्यांना तत्त्व कळलंय त्यांच्याकडे जा, आणि जाताना तीन गोष्टी घेऊन जा : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. म्हणजे नमस्कार, प्रश्न आणि सेवा.

पहिली आणि तिसरी गोष्ट आपल्याला लहानपणापासून शिकवतात. मधलीवर मात्र कुणी फारसं बोलत नाही. म्हणून आज मधल्या शब्दावर थोडं थांबू या.

गेल्या वर्षी ज्ञानेश्वरीचं पारायण करताना मी एका ओवीवर अडलो. घरात दोन सार्थ प्रती आहेत आणि दोन्हींत त्या ओवीचा अर्थ वेगळा दिलाय. मी एका सत्संगाच्या ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं, की श्रद्धा कमी पडतेय, नामस्मरण वाढवा. चार-पाच जणांनी हात जोडलेले इमोजी टाकले आणि विषय संपला. मला राग आला नाही, लाज वाटली. आपल्याला प्रश्न पडतो म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं वाटलं. त्यानंतर चार महिने मी पोथी उघडली नाही.

दिवाळीत अमळनेरला घरी गेलो, तेव्हा बाबा म्हणाले, अजिंठा पाहायचा राहिलाय. आयुष्य खान्देशात गेलं, पण एवढ्या जवळ असून जमलं नव्हतं. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. अमळनेरहून रेल्वेने जळगाव, तिथून एसटीने फर्दापूर फाटा, आणि शेवटचा टप्पा लेणीच्या बसने. वाघूर नदीने डोंगर कापून घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलंय आणि त्या कड्यात ओळीने लेणी कोरलेली आहेत. सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, बाकीची बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली.

सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी, प्रवेशाच्या दोन्ही बाजूंना, दगडी हत्ती आहेत. बाबा तिथे दम खायला टेकले. शेजारी एक गाइड त्याच्या मंडळींना सांगत होता, की सातव्या शतकात एका चिनी भिक्षूने आपल्या ग्रंथात महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरच्या एका डोंगरातल्या विहाराचं वर्णन केलंय, आणि त्याच्या दारातल्या दगडी हत्तींचाही उल्लेख केलाय.

त्या भिक्षूचं नाव युआन श्वांग. शाळेत तो आपल्याला ह्युएन त्संग या नावाने भेटलेला असतो, परीक्षेच्या दोन मार्कांपुरता. ‘ड्रॅगन बॉल’मधला गोकू ज्या माकडावरून आला आणि ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ या गेमच्या नावात असलेला तो सुन वुकाँग, हे माकड सोळाव्या शतकातल्या एका चिनी कादंबरीत ज्या भिक्षूचं रक्षण करत भारताकडे निघतं, तो भिक्षू म्हणजे हाच. कादंबरीतलं माकड काल्पनिक आहे. भिक्षू मात्र खराच होता, आणि खरा प्रवास त्याने बराचसा एकट्याने सुरू केला होता.

घरी आल्यावर मी त्याच्याबद्दल वाचत सुटलो. आज त्याचीच गोष्ट सांगतो. तो बौद्ध होता, आपण गीता वाचतोय, हे मला माहीत आहे. पण आजच्या श्लोकात भगवंतांनी जी तीन पावलं सांगितली, ती इतक्या सलग जगलेला दुसरा माणूस मला सापडला नाही.

दोन आचार्य, दोन अर्थ

युआन श्वांगचा जन्म इसवी सन ६०२ च्या सुमारास चीनमधल्या लोयांग शहराजवळ झाला. घरचं नाव चेन यी. चार भावांतला तो धाकटा. वडील विद्वान होते, सरकारी नोकरी सोडून घरी ग्रंथ वाचत बसलेले. एक मोठा भाऊ आधीच भिक्षू झाला होता, त्याच्यामागे हाही मठात गेला आणि तेराव्या वर्षी श्रामणेर झाला.

त्याच काळात सुई राजवट कोसळली. सगळीकडे लुटालूट आणि उपासमार. दोघं भाऊ आधी छांगआन या राजधानीत आणि मग डोंगर ओलांडून चंगदू शहरात गेले, कारण तिथे जरा शांतता होती आणि चांगले आचार्य जमले होते. तिथेच ६२२ मध्ये त्याला पूर्ण दीक्षा मिळाली.

आता अडचण बघा. तो हुशार होता, एकदा ऐकलं की लक्षात ठेवायचा. त्यामुळेच त्याच्या ध्यानात आलं, की एकाच विषयावर एक आचार्य एक सांगतात आणि दुसरे दुसरंच. चित्त म्हणजे काय, बुद्धत्व सगळ्यांना मिळतं का, हे साधे प्रश्न नव्हते. साधना त्यांच्यावर उभी होती. चिनी भाषांतरं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी केलेली. काही अर्धवट, काहींमध्ये मूळ संस्कृत शब्दाचा पत्ताच लागत नाही. तो एकामागून एक आचार्यांकडे गेला. सगळ्यांना आदराने ऐकलं. शंका राहिलीच.

आमच्या कामात असं झालं की आम्ही मूळ सोर्स उघडून बघतो. त्याचाही निर्णय तोच झाला. ‘योगाचारभूमी’ नावाचा मोठा ग्रंथ भारतात पूर्ण स्वरूपात आहे असं त्याने ऐकलं होतं. तो मिळाला, कुणाकडून नीट समजून घेता आला, तर या गाठी सुटतील. म्हणून भारतात जायचं.

मला इथे एक गोष्ट फार भिडली. त्याने शंका लपवली नाही, आणि शंका आली म्हणून साधनाही सोडली नाही. तो तिला सोबत घेऊन निघाला.

पाण्याची पिशवी

तांग सम्राट ताइत्सुंग नुकता गादीवर बसला होता आणि परदेशी जायला बंदी होती. युआन श्वांगने परवानगी मागितली, ती नाकारली गेली. त्याच्याबरोबर अर्ज करणारे बाकीचे थांबले. हा ६२९ च्या सुमारास लपतछपत पश्चिमेकडे निघाला. दिवसा लपायचं, रात्री चालायचं. सरहद्दीजवळ एका अधिकाऱ्याच्या हाती त्याच्या अटकेचं फर्मान आलं होतं. त्या अधिकाऱ्याने त्याला एकांतात विचारलं, याने खरं काय ते सांगितलं. अधिकाऱ्याने ते फर्मान त्याच्यासमोरच फाडलं आणि लवकर निघायला सांगितलं.

पुढे वाळवंट आणि त्यात पाच पहाऱ्याचे बुरूज. पाणी फक्त बुरुजांपाशी. एक तरुण वाटाड्या मिळाला, पण पकडले गेलो तर आपलंही डोकं जाईल या भीतीने रात्री तो सुरी उपसून झोपलेल्या भिक्षूच्या दिशेने आला. थोडं अंतर चालला आणि परत फिरला. युआन श्वांग उठून बसला आणि नामस्मरण करत राहिला. सकाळी वाटाड्या सोडून गेला. जाताना त्याला एकच भीती होती, की हा पकडला गेला तर आपलं नाव सांगेल. युआन श्वांगने शपथ घेतली, की शरीराचे तुकडे केले तरी नाव सांगणार नाही. ज्याने काल रात्री सुरी उपसली होती त्याला दिलेला हा शब्द!

पहिल्या बुरुजाजवळ पाणी भरताना त्याच्यावर बाण सुटले. तिथला नायक श्रद्धाळू निघाला, त्याने पाणी आणि वाट दोन्ही दिलं. पण त्याच्यापुढे गोबीचा निर्जल पट्टा होता, आणि तिथे पाणी पिताना त्याच्या हातून चामड्याची पिशवी सटकली. अख्ख्या प्रवासाचं पाणी वाळूत गेलं.

तो मागे वळला. दहा-एक ली, म्हणजे चारपाच किलोमीटर, मागे चालला. मग थांबला. भारतात पोचेपर्यंत पूर्वेकडे एक पाऊल टाकणार नाही, असा त्याने संकल्प केला होता. परत जाऊन जगण्यापेक्षा पुढे जाऊन मरणं बरं, असं ठरवून त्याने घोडा पुन्हा पश्चिमेला वळवला. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. शेवटी तो वाळूत पडून अवलोकितेश्वराचं स्मरण करत राहिला. पाचव्या रात्री गार वारा सुटला. तो म्हातारा, रोडका घोडा वाटेला माहीत असलेला होता. तो अचानक दुसऱ्याच दिशेने चालू लागला आणि त्याला हिरवळीवर, पाण्यापाशी घेऊन गेला.

संकल्प म्हटलं की मला नेहमी न डगमगणारा माणूस डोळ्यासमोर यायचा. हा डगमगला. मागे फिरला. आणि मग पुन्हा वळला. माझ्यासारख्या, चार महिने पोथी बंद ठेवणाऱ्या माणसाला याचा किती आधार वाटला असेल ते तुम्हीच समजा.

राजाचा आग्रह

वाळवंट संपल्यावर वेगळीच परीक्षा आली. तुर्फान भागातल्या काओछांग राज्याचा राजा छू वनताइ त्याच्यावर इतका लोभावला, की त्याला जाऊच देईना. इथेच राहा, माझ्या साऱ्या प्रजेचे गुरू व्हा. नाही म्हटल्यावर धमकी, की परत चीनला पाठवीन. युआन श्वांगने अन्नपाणी सोडलं. राजा रोज स्वतः ताट घेऊन यायचा, हा हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी त्याचा श्वास मंदावलेला पाहून राजा शरमला आणि त्याने माघार घेतली.

मग त्याच राजाने त्याला वीस वर्षं पुरेल इतकी शिदोरी दिली : सोनं, रेशीम, तीस घोडे, माणसं आणि वाटेतल्या राजांना चोवीस पत्रं. बदल्यात युआन श्वांगने वचन दिलं, की परतताना तीन वर्षं इथे राहीन. हे वचन लक्षात ठेवा.

पुढे तियान शान पर्वताचा बर्फ. सात दिवसांत सोबतच्या दहांपैकी तीन-चार माणसं गारठून गेली. मग समरकंद, बाल्ख, बामियानच्या कड्यातल्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती (२००१ मध्ये उडवल्या त्याच), गांधार, आणि काश्मीर, जिथे तो दोन वर्षं शिकत थांबला. मथुरा, कनौज, प्रयाग, श्रावस्ती, काशी. बोधगयेत बोधिवृक्षाखाली तो रडला. भगवान बुद्ध इथे होते तेव्हा मी कुठल्या जन्मात, कुठे भटकत होतो, याचं त्याला दुःख झालं. पंढरपुरात पहिल्यांदा कळसदर्शन झाल्यावर कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, तर त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

प्रणिपात : नालंदा

नालंदेचे आचार्य शीलभद्र तेव्हा अतिशय वृद्ध होते. परंपरा त्यांचं वय शंभराच्या पुढे सांगते. युआन श्वांग त्यांच्यासमोर गेला तो गुडघ्यांवर आणि कोपरांवर रांगत, आणि त्याने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. चीनमधला नावाजलेला पंडित, राजांनी ज्याच्यासमोर वाकावं असा, जमिनीवर रांगत गेला.

कुठून आलास, असं त्यांनी विचारलं. चीनमधून आलो, योगाचारभूमी शिकायला, असं याने सांगितलं. ते ऐकून म्हातारे आचार्य रडू लागले. त्यांच्या पुतण्याने कारण सांगितलं. आचार्यांना अनेक वर्षं शूळाचा विकार होता. तीन वर्षांपूर्वी तो इतका वाढला, की त्यांनी अन्न सोडून देह ठेवायचं ठरवलं. तेव्हा स्वप्नात दिव्य पुरुषांनी येऊन सांगितलं, की थांब, चीनमधून एक भिक्षू शिकायला निघाला आहे, त्याला शिकवायचंय. प्रवासाला किती वर्षं लागली असं विचारल्यावर युआन श्वांगने सांगितलं, तीन.

स्वप्नाची गोष्ट आहे, श्रद्धेने ऐकावी. मला तिच्यात एवढं दिसतं, की शिष्य गुरूला शोधत असतो तेव्हा गुरूही कुणाची तरी वाट पाहत असतो. आपला प्रश्न हे गुरूच्या डोक्यावरचं ओझं नसतं. कधीकधी त्याच प्रश्नासाठी गुरू थांबलेला असतो.

परिप्रश्न

शीलभद्रांनी त्या एका ग्रंथावर पंधरा महिने प्रवचन केलं. युआन श्वांगने तो ग्रंथ नालंदेत तीनदा ऐकला. पाच वर्षांच्या आसपास तो तिथे राहिला. पाणिनीय व्याकरण शिकला, न्याय म्हणजे तर्कशास्त्र शिकला, इतर दर्शनांचे ग्रंथही वाचले. नालंदेत वाद चालायचे. तो वादांत उतरायचा, कठोरपणे खंडन करायचा. मुळात तो आला होताच दोन परस्परविरोधी अर्थांमुळे. पण आधी पाय धरले, मग भाषा शिकली, मग पूर्ण ऐकलं, आणि नंतर विचारलं.

माझ्या ग्रुपवरच्या प्रश्नाकडे यानंतर मी वेगळ्या नजरेने पाहिलं. उत्तर देणाऱ्यांचं चुकलं असेल. पण मीही ती ओवी मूळ संदर्भासकट, मागच्या-पुढच्या दहा ओव्यांसकट वाचली नव्हती. स्क्रीनशॉट काढला आणि टाकला. परिप्रश्न या शब्दातला ‘परि’ म्हणजे सगळीकडून. विषयाला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घालून विचारलेला प्रश्न. माझा प्रश्न खरा होता, प्रदक्षिणा राहिली होती.

महाराष्ट्र आणि डोंगरातला विहार

शिकून झाल्यावर तो भारत फिरला. बंगाल, ओडिशा, आंध्र, कांची. सिंहलद्वीपाला जायचं होतं, पण तिथे दुष्काळ आणि अराजक माजल्याचं कळलं, म्हणून तो वायव्येकडे वळला आणि ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला. तेव्हा इथे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं, दुसरा पुलकेशी गादीवर होता, ज्याच्यापुढे उत्तरेच्या हर्षवर्धनाचं काही चाललं नव्हतं.

आपल्या पूर्वजांबद्दल त्याने जे लिहिलं, ते वाचून गंमत वाटते. माणसं उंच, साधी आणि सरळ, पण मानी. उपकार केला तर विसरत नाहीत, अपमान केला तर सोडत नाहीत. सूड घ्यायचा असला तरी आधी शत्रूला कळवतात. संकटात कुणी हाक मारली तर स्वतःचा विचार न करता धावतात. लढाईआधी वीरही मद्य घेतात आणि हत्तींनाही पाजतात. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा नाही, त्याला बायकी कपडे द्यायचे, म्हणजे तो लाजेनेच जीव देतो. गावाकडच्या भाऊबंदकीच्या केसेस आठवल्या ना?

आणि मग त्याने पूर्व सीमेवरच्या डोंगराचं वर्णन केलं. खोल दरी, कड्याला टेकलेली उंच दालनं, भिंतींवर बुद्धांच्या पूर्वजन्मांचे प्रसंग, दारात डावी-उजवीकडे दगडी हत्ती. हा विहार अचल नावाच्या अर्हताने बांधला, आणि तो आपल्या आईचं ऋण फेडायला, असं त्याने नोंदवलंय. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्याच्या शिलालेखात अचल या स्थविराचं नाव खरोखर कोरलेलं आहे. त्यामुळे हे वर्णन अजिंठ्याचंच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सत्तर फुटांहून उंच मूर्ती आणि तिच्यावर आधाराशिवाय तरंगणारी सात छत्रं असंही तो लिहितो. ते काही आज तिथे दिसत नाही. म्हणून तो स्वतः त्या पायऱ्या चढला की ऐकून लिहिलं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

मला एवढं पुरेसं आहे, की तेव्हासुद्धा प्राचीन असलेल्या आपल्या या डोंगरातल्या मंदिराची आणि एका मुलाने आईसाठी केलेल्या कामाची आठवण एका चिनी माणसाने जपली. आपल्याकडे पुढे ती विसरली गेली. जंगलाने लेणी झाकली आणि १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला तेव्हा ती बाहेरच्या जगाला पुन्हा कळली.

त्या दिवशी सव्विसाव्या लेण्यात आम्ही गेलो तेव्हा डाव्या भिंतीशी महापरिनिर्वाणाची मूर्ती होती. सात मीटर लांब, कुशीवर झोपलेले बुद्ध, खाली रडणारे शिष्य. बाबा माळकरी. दर वैशाखात बोरीच्या पात्रातल्या सखाराम महाराजांच्या समाधीला जाणारे. त्यांनी टोपी काढली, काही न विचारता जमिनीला डोकं टेकवलं. मी मोबाइलवर लेण्याची माहिती शोधत होतो. फोन खिशात ठेवला आणि मीही वाकलो. श्लोकातला क्रम मला पुस्तकाआधी बाबांनी दाखवला.

सेवा : उरलेली एकोणीस वर्षं

परतीच्या आधी कामरूपच्या भास्करवर्म्याने आणि हर्षवर्धनाने त्याला बोलावून घेतलं. प्रयागच्या संगमावर हर्षाने अंगावरच्या कपड्यांसकट सगळं दान केलेलं त्याने पाहिलं. ते त्याला समुद्रमार्गे पाठवायला तयार होते. पण त्याने खुष्कीचा खडतर मार्गच धरला, कारण काओछांगच्या राजाला वचन दिलेलं होतं. वाटेत कळलं, की तो राजा वारला आणि त्याचं राज्यही तांग सैन्याने ६४० मध्ये जिंकलं. वचन पाळायला माणूस निघाला होता, घेणाराच उरला नव्हता.

सिंधू ओलांडताना वादळाने नाव हेलकावली आणि पन्नास पोथ्या आणि फुलांचं बियाणं पाण्यात गेलं. खोतानहून त्याने सम्राटाला पत्र लिहून आपण परवानगीविना गेल्याचं कबूल केलं. ६४५ च्या सुरुवातीला तो छांगआनला पोचला तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते, आणि स्वागताला सगळं शहर रस्त्यावर आलं होतं.

सम्राटाने त्याला मंत्रीपद देऊ केलं. त्याने नम्रपणे नाकारलं. त्याला फक्त भाषांतराला जागा हवी होती. प्रवासाचा वृत्तांत सम्राटाच्या आग्रहाखातर ६४६ मध्ये लिहून दिला, आणि मग पुढची एकोणीस वर्षं एकच काम. रोजचा कोटा ठरलेला. दिवसा भेटायला माणसं आली तर रात्री भरून काढायचा. मध्यरात्री झोपायचा, पहाटे उठून त्या दिवशीचा संस्कृत मजकूर मोठ्याने वाचायचा आणि लाल शाईने खुणा करायचा. हाताखाली टीम होती. कुणी अर्थ तपासणारा, कुणी संस्कृत पडताळणारा, कुणी चिनी भाषा नीट करणारा. काही शब्द भाषांतरित करायचेच नाहीत, असा नियमही त्याच्या नावावर सांगितला जातो. मंत्र तसेच ठेवायचे, अनेकार्थी शब्द तसेच ठेवायचे, आणि ‘प्रज्ञा’सारखा शब्द तसाच ठेवायचा, कारण साधा प्रतिशब्द दिला की त्याचं वजन कमी होतं.

एकूण ७५ ग्रंथ, १,३३५ खंड. त्यांत वैशेषिक दर्शनाचा ‘दशपदार्थशास्त्र’ हा ग्रंथही आहे. वैशेषिक म्हणजे आपल्या सहा दर्शनांपैकी एक, ज्याच्याशी बौद्धांचे कडाक्याचे वाद होते. त्या ग्रंथाचं मूळ संस्कृत आज हरवलंय. ज्यांच्याशी वाद घातला त्यांचा ग्रंथ याने इतक्या काळजीने भाषांतरित केला, की तो आज फक्त चिनीत जिवंत आहे. सेवा या शब्दाचा अर्थ मला इथे कळला. आपल्याला पटलं तेवढंच जपणं ही सोपी गोष्ट आहे.

बोधगयेच्या भिक्षूंशी त्याचा पत्रव्यवहार चालू होता. त्यादरम्यान शीलभद्र गेल्याचं कळलं. उत्तरात त्याने गुरूंबद्दलचं दुःख लिहिलं आणि सोबत सिंधूत बुडालेल्या ग्रंथांची यादी पाठवली, की जमलं तर नकला पाठवा. दहा वर्षं झाली तरी त्या पोथ्या तो विसरला नव्हता.

चीनमधलं डोंगरावरचं मंदिर

शेवटचं आणि सर्वांत मोठं काम होतं प्रज्ञापारमिता, दोन लाख श्लोकांएवढा ग्रंथ. राजधानीत माणसांची वर्दळ फार, म्हणून त्याने छांगआनच्या उत्तरेला डोंगरात असलेला युहुआ हा जुना राजवाडा मागून घेतला. त्याचं तोपर्यंत मंदिर झालं होतं. ६६० च्या सुरुवातीला काम सुरू झालं. तो साठीच्या जवळ होता, बर्फातल्या प्रवासाने शरीर थकलेलं.

ग्रंथात पुनरुक्ती पुष्कळ. शिष्य म्हणाले, गुरुजी, संक्षेप करू या. त्याला ते पटलं. त्या रात्रीपासून भयंकर स्वप्नं पडू लागली. कड्यावरून चाललोय, हिंस्र प्राणी अंगावर येतायत. सकाळी त्याने शिष्यांना सांगितलं, एक शब्दही गाळायचा नाही. मग स्वप्नं थांबली. त्याच्याकडे भारतातून आणलेल्या तीन प्रती होत्या. शंका आली की तिन्ही ताडून बघायच्या, मगच लिहायचं. ६६३ मध्ये सहाशे खंड पूर्ण झाले. लोयांगजवळचा तो मुलगा दोन अर्थांमध्ये अडला होता. चाळीस वर्षांनी तो तीन प्रती समोर घेऊन बसला होता आणि तरीही शंका घेत होता.

त्यानंतर शिष्यांनी आणखी एक मोठा ग्रंथ सुरू करायची विनंती केली. त्याने काही ओळी केल्या, पोथी मिटली आणि सांगितलं की आता शक्ती उरली नाही. थोड्याच दिवसांत खोलीमागचा चर ओलांडताना तो पडला, नडगीला खरचटलं, आणि त्यातून जे आजारपण आलं त्यात ६६४ मध्ये त्याच डोंगरावरच्या मंदिरात त्याने देह ठेवला. इच्छा एवढीच सांगितली होती, की मला साध्या चटईत गुंडाळून शांत डोंगरातल्या घळीत ठेवा. सम्राट काओत्सुंगने मात्र त्याला राजधानीजवळ मानाने निरोप दिला, लाखो लोक आले. १९५७ मध्ये त्याच्या अस्थींचा एक अंश चीनने भारताला दिला. नालंदेजवळ त्याचं स्मारक आहे.

आपल्यासाठी

आपण संक्षेपाच्या काळात राहतो, मित्रांनो. गीता तीस सेकंदांच्या रीलमध्ये, ज्ञानेश्वरी एका स्क्रीनशॉटमध्ये. मीही तेच करतो, हा ब्लॉगही एका अर्थी तेच आहे. म्हणून आजचा श्लोक मला टोचतो. प्रश्न पडला म्हणजे श्रद्धा संपली, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर हा श्लोक पुन्हा वाचा. प्रश्नाला भगवंतांनी नमस्कार आणि सेवा यांच्या मधोमध जागा दिली आहे. नमस्काराशिवाय विचारला तर तो नुसता वाद होतो. आणि उत्तर मिळाल्यावर सेवा केली नाही, तर उत्तर आपल्यापाशीच सुकून जातं.

अमळनेरची बोरी आणि अजिंठ्याची वाघूर दोन्ही शेवटी तापीलाच मिळतात. वाटा वेगळ्या, वळणं वेगळी. दिवाळीनंतर मी ती ओवी पुन्हा काढली. आधीच्या-नंतरच्या ओव्या वाचल्या, दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या, तरीही एक शब्द अडला. या वेळी ग्रुपवर टाकला नाही. अमळनेरला आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, पन्नास वर्षं ज्ञानेश्वरी वाचणारे. त्यांच्या पाया पडलो आणि विचारलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पानाकडे पाहिलं आणि म्हणाले, मलाही इथे अडतं रे, बस, दोघं मिळून वाचू.

आजचा अभ्यास : तुम्हाला बरेच दिवस अडलेला एक प्रश्न वहीत लिहा. त्याच्या मागचे-पुढचे दहा श्लोक किंवा ओव्या वाचा. तरीही अडला तर एका खऱ्या माणसाकडे जा, नमस्कार करा आणि विचारा. कळल्यावर ते आणखी एकाला नीट समजावून सांगा.

उद्या श्लोक ३५ : हे ज्ञान मिळाल्यावर पुन्हा मोह का होत नाही?

राम कृष्ण हरी!